पाठीवरच्या लाटा

व्हायोलिनची सर्वांत देखणी बाजू मैफलीत कुणाला दिसत नाही. पाश्चात्त्य वादक ते हनुवटीखाली धरतो तेव्हा पाठ जमिनीकडे असते. आपला वादक मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून बसतो तेव्हा ती त्याच्या अंगाकडे वळलेली असते. पं. व्ही. जी. जोग किंवा पं. डी. के. दातार यांच्या मैफली ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकल्या, त्यांनाही दिसली ती समोरचीच बाजू. तारा, घोडी, गजातून झडलेली राळेची पांढरी पूड आणि इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाच्या दोन खाचा. सतारीच्या भाषेत जिला तबली म्हणतात ती ही समोरची बाजू स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची, सरळ बारीक रेघांची. पाठ, कडेच्या पट्ट्या, मान आणि टोकाची गुंडाळी मात्र मेपलची. आणि चांगल्या वाद्यात हा मेपल सहसा साधा नसतो. त्यावर आडव्या लाटा असतात.

या लेखात त्या लाटा वाचायच्या आहेत. कवितेचं करतात तसं रसग्रहण लाकडाच्या फळीचं करावं का, असं कुणी विचारेल. माझ्या मते जरूर करावं. या फळीमागे निवड आहे, रचना आहे, आणि पाहणारा जागचा हलल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

दोन तुकड्यांची पाठ असलेलं एखादं चांगलं व्हायोलिन दिव्याखाली पालथं धरा. मधोमध वरपासून खालपर्यंत सांध्याची बारीक रेघ. तिच्या दोन्ही बाजूंनी फिकट आणि गडद पट्टे निघालेले, बोटाच्या पेराहून अरुंद, कडेकडे जाताना किंचित तिरपे. कुठे पट्टा दुभंगतो, कुठे शेजारच्यात मिसळतो, कुठे मध्येच विरतो. आता वाद्य थोडंसं कलतं करा. गडद होता तो पट्टा उजळतो, उजळ होता तो विझतो. आणखी कलवा, पुन्हा अदलाबदल. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास बोट फिरवून बघतो, कारण डोळ्यांना पृष्ठभाग खालीवर असल्याचा भास होतो. बोटाला जवळजवळ काही लागत नाही.

या सगळ्यात रंग कुठे बदललेला नसतो. मेपलच्या खोडात सर्वसाधारणपणे तंतू सरळ वर जातात, काही झाडांत मात्र ते नागमोडी जातात. अशी फळी सपाट रंधली की पातं त्या लाटांना आडवं कापून जातं, आणि पृष्ठभागावर तंतू कुठे समांतर पडलेले, कुठे वर येणारे, कुठे आत बुडणारे असे दिसू लागतात. समांतर तंतूंवरून उजेड परततो. बुडणाऱ्या तंतूंच्या तोंडांतून तो आत जिरतो आणि ती जागा काळपट भासते. दिवा किंवा नजर हलली की परतण्या-जिरण्याच्या जागा हलतात. २००५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिश केलेल्या लाकडावरून प्रकाश कसा परततो याची बारकाईने मोजणी केली. हेतू वेगळाच होता, संगणकावर खरं वाटेल असं लाकूड उभं करायचं. त्यांना दोन निरनिराळ्या चकाक्या मांडाव्या लागल्या. एक पॉलिशच्या पृष्ठभागाची, आरशाच्या नियमाने वागणारी. दुसरी त्याखालच्या तंतूंची, तंतू जिकडे वळतील तिकडे सरकणारी. सुतार हे पूर्वीपासून हाताने जाणत होते. पण ही दुसरी चकाकी गणितात घातल्याशिवाय पडद्यावरचं लाकूड प्लॅस्टिकसारखं दिसतं, हे कळायला एवढा खटाटोप लागला.

आपल्याकडे हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांनी तो धूपछाँव पैठणीत घेतला असणार. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि पदर हलला की एक रंग मागे जाऊन दुसरा पुढे येतो. मेपलमध्ये दुसरा रंगही नसतो. एकाच रंगाच्या, एकाच जातीच्या तंतूंनी केवळ दिशा बदलून एवढा खेळ मांडलेला असतो. म्हणून या लाकडाचा फोटो मला नेहमी अपुरा वाटतो. त्यात पट्टे येतात, पट्ट्यांचं वागणं येत नाही.

आता पुन्हा त्या सांध्याकडे या, कारण सगळ्यांत सूक्ष्म गोष्ट तिथे आहे. अशी पाठ करताना खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणारी पाचरीच्या आकाराची एक फळी घेतात, ती जाडीतून चिरून दोन करतात आणि पुस्तक उघडावं तशी उघडून, जाड कडा मधोमध आणून सरसाने जोडतात. डावं पान उजव्याचं प्रतिबिंब. पट्टे सांध्यावर येऊन भेटतात आणि खाली किंवा वर झुकणाऱ्या बाणांची एक माळ तयार होते. पण नीट पाहिलं तर डावीकडचा उजळ पट्टा सांध्यापाशी उजवीकडच्या गडद पट्ट्याला भेटतो. असं होणारच. करवतीच्या वाटेवर जो तंतू एका पानातून वर येत होता तोच दुसऱ्या पानात आत बुडत होता. पानं उघडल्यावर आकार जुळतो, उतार उलटा होतो. कलवल्यावर डावी बाजू पेटते तेव्हा तिच्या जोडीची उजवी जागा विझलेली असते. म्हणजे रेखाटनात समतोल आणि उजेडात विरोध. हे कुणी ठरवून केलेलं नाही, भूमितीनेच ते होतं. तरी दोन तुकड्यांची पाठ मला एकसंध फळीच्या पाठीपेक्षा अधिक आवडते ती याच कारणाने. एकसंध पाठीत लाटा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड वाहतात. ते दृश्य भव्य असतं, पण त्यात हा संवाद नसतो.

मेपल म्हणजे कॅनडाच्या झेंड्यावर ज्याचं पान आहे ते झाड. त्याच्या शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांतला उत्तर अमेरिकेतला शुगर मेपल सागाहून कठीण; बास्केटबॉलची मैदानं, बोलिंगच्या पट्ट्या, खाटकाचे ओंडके त्याचे होतात. युरोपातलं व्हायोलिनचं लाकूड सिकॅमोर मेपल, त्याहून मऊ. लाटांचा या जातींशी थेट संबंध नाही. एकाच रानात, एकाच जातीची दहा झाडं सरळ तंतूंची निघतात आणि अकराव्यात लाटा असतात. व्यापारात त्यांना कर्ली, टायगर, फिडलबॅक अशी नावं आहेत. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मोठ्या पानांच्या मेपलमध्ये फुगीर गाद्यांसारखी नक्षी मिळते, ती क्विल्टेड. शुगर मेपलमध्ये, विशेषतः मिशिगनच्या उत्तर भागात, बारीक गोल डोळे विखुरलेले असतात, ते बर्ड्स आय. लाटा उत्तम दिसाव्यात म्हणून खोड त्रिज्येच्या दिशेने चिरतात, गाद्या आणि डोळे दिसावेत म्हणून सालीला समांतर. बर्ड्स आय फर्निचरच्या विनिअरमध्ये खूप वापरतात. मला तो नक्षीप्रकार फारसा रुचत नाही, त्यात पुरळ उठल्याची छटा आहे. पण हा माझा डोळा झाला. हे सगळं झाडात का होतं याचं एक ठाम उत्तर वनस्पतिशास्त्राकडे नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे असं मानायला जागा आहे, पण बी पेरून लाटांची हमी मिळत नाही.

एक गोष्ट मात्र ठाम आहे. ताकदीच्या हिशेबात ही नक्षी म्हणजे दोष. तंतू सरळ असतील तेव्हा लाकूड त्यांच्या लांबीच्या दिशेने सर्वांत बळकट असतं. तंतू वाकडा गेला की तिथे ते फाटायला तयार. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मेपलच्या बॅटी मोडून त्यांचे अणकुचीदार तुकडे मैदानात उडू लागले तेव्हा मेजर लीगने एक साधी परीक्षा लागू केली. बॅटच्या मुठीवर शाईचा एक थेंब सोडायचा. शाई तंतूंच्या वाटेने पसरते, ती बॅटच्या लांबीपासून सुमारे तीन अंशांहून अधिक तिरपी गेली तर बॅट बाद. ज्या वाकडेपणासाठी तिथे लाकूड नाकारतात, त्याच वाकडेपणासाठी व्हायोलिनवाला जादा पैसे मोजतो.

आणि तो ते लाकूड घरी आणल्यावर त्रासही सोसतो. कर्ली मेपलचा ओंडका त्रिज्येच्या दिशेने पाचरीने फोडला तर फुटलेली बाजू सपाट निघतच नाही, पत्र्याच्या पन्हळींसारखी निघते, आणि त्या पन्हळी हाताला स्वच्छ लागतात. पृष्ठभागावर जी केवळ दिसते ती लाट इथे प्रत्यक्ष उभी असते. ही पन्हळ रंध्याने सपाट करायची म्हणजे काय, हे गाठीवरून रंधा फिरवलेल्या कुठल्याही सुताराला सांगावं लागणार नाही. साध्या फळीत एक सुलटी दिशा असते. इथे दर अर्ध्या बोटावर सुलट्याचं उलटं होतं. लाटेच्या एका उतारावर पातं रेशमासारखी ढलपी काढतं आणि पुढच्याच उतारावर तंतू मुळासकट उपटतं. मग पातं अधिक उभं बसवलेला रंधा घ्यायचा, किंवा दातेरी पात्याने फळी आधी खरवडायची, आणि शेवटी पोलादी पत्र्याच्या धारेने, म्हणजे स्क्रेपरने, तासत बसायचं. काचकागदावर वाद्यकार फारसा भरवसा ठेवत नाहीत, कारण त्याची पूड छिद्रांत बसून चमक मारते. शेवटी पाठीची जाडी मध्यभागी सुमारे साडेचार मिलिमीटर आणि कडेकडे अडीच मिलिमीटर उरते. कडेच्या पट्ट्या तर जेमतेम एक मिलिमीटरच्या. त्या ओल्या करून तापल्या लोखंडावर वाकवतात, आणि मोडायच्या झाल्या तर नेमक्या लाटेवर मोडतात. देखणा मेपल जितका दाट लाटांचा, तितक्या वाया जाणाऱ्या पट्ट्या जास्त.

मग पॉलिश. कोरी फळी फिकट, जवळजवळ दुधाळ असते आणि लाटा तिच्यात दबलेल्या असतात. तेल किंवा व्हार्निश आत उतरलं की एकदम उठतात. अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातले लांब नळीच्या बंदुकांचे कारागीर कर्ली मेपलच्या दस्त्यावर लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल लावून तो निखाऱ्याजवळ धरत. उघड्या तोंडांचे तंतू जास्त आम्ल पीत आणि पट्टे तांबूस काळे होऊन उभे राहत. परिणाम जबरदस्त, पण माझ्या दृष्टीने यात थोडी जबरदस्तीही आहे. पट्टा रंगाने कायमचा बांधला गेला की त्याची अदलाबदल मंदावते. क्रेमोनाच्या जुन्या वाद्यांवरचं व्हार्निश सोनेरी ते तांबूस असूनही पारदर्शक असतं. उजेड त्यातून आत जाऊन तंतूंवरून परत येतो. रंग लाटेच्या वर तरंगतो, लाटेला बुजवत नाही. रसग्रहणाच्या भाषेत बोलायचं तर बंदुकीचा दस्ता अधोरेखित केलेली ओळ आहे.

इटलीतलं क्रेमोना हे या परंपरेचं घर. सोळाव्या शतकात आंद्रेया आमातीने तिथे व्हायोलिनला आज ओळखू येतो तो आकार दिला, आणि १७३७ मध्ये मरण पावलेल्या आंतोनिओ स्ट्रॅडिव्हरीने तो शिखराला नेला. स्ट्रॅडिव्हरीच्या काही वाद्यांत स्थानिक लहान मेपल आहे, बारीक आणि अस्पष्ट लाटांचा. ज्या वर्षांना त्याचा सुवर्णकाळ म्हणतात, साधारण १७०० ते १७२०, त्या काळातल्या पाठींवर रुंद, खोल, दमदार लाटा दिसतात, आणि ते लाकूड बाल्कन प्रदेशातून व्हेनिसमार्गे येत असे असं जाणकार मानतात. ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातलं १७१६चं ‘मेसाया’ हे त्यांतलं सर्वांत कोरं राहिलेलं वाद्य. लुइजी तारिसिओ नावाचा इटालियन व्यापारी पॅरिसमध्ये त्याच्या गप्पा मारायचा पण ते कधी आणायचा नाही. वैतागून एका वादकाने म्हटलं की हे मसीहासारखं आहे, वाट बघावी आणि येऊ नये. नाव तिथून पडलं. तारिसिओच्या मृत्यूनंतर ते वाद्यकार व्हियोमने मिळवलं, पुढे लंडनच्या हिल बंधूंकडे आलं, आणि त्यांनी संग्रहालयाला दिलं ते न वाजवता जपण्यासाठी. विसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्या अस्सलपणावर वाद झाला तेव्हा त्याचा निवाडा वार्षिक वलयं मोजून करू पाहिला गेला, पण वलयं मोजली ती समोरच्या स्प्रूसची. मेपलची वलयं अशा कामाला फार पुसट असतात. वाद्य हातात आल्यावर जिच्याकडे सगळे बघतात ती पाठ साक्षीला उभी राहू शकली नाही.

आवाजाचं काय? इथे भक्तांची निराशा होईल. लाटांमुळे व्हायोलिन गोड वाजतं याला आधार नाही. स्वतः स्ट्रॅडिव्हरीने काही मोठ्या वाद्यांच्या पाठी विलो आणि पॉप्लरच्या केल्या, ज्यांत लाटांचा पत्ता नाही. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन या संशोधकांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसला आणि नंतर पॅरिसजवळ, उत्तम वादकांना न बघता जुनी इटालियन आणि नवी वाद्यं वाजवायला दिली. वादकांना जुनं-नवं खात्रीने ओळखता आलं नाही, आणि पसंतीचा कौल बरेचदा नव्यांकडे गेला. गंमत म्हणजे आवाजाला खरोखर लागणारा मेपल वाद्याच्या पुढच्या बाजूला असतो, सर्वांना दिसत असतो, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो घोडीचा तुकडा. तारांची कंपनं तबलीवर उतरवणारी घोडी सरळ तंतूंच्या, लाट नसलेल्या मेपलची असते. मिरजेचा कारागीर सतारीवर पट्ट्या चढवून, वेलबुट्टी कोरून शोभा आणतो, म्हणजे शोभा ही वेगळी जोडलेली गोष्ट आहे हे तो लपवत नाही. क्रेमोनाच्या कारागिराने शोभा निवडीत लपवली, म्हणून तिच्यावर आवाजाचं श्रेय चढत गेलं.

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास याबाबतीत अधिक मोकळा आहे. गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार १९५२ मध्ये आली तेव्हा महोगनीच्या अंगावर मेपलची टोपी होती आणि तिच्यावर अपारदर्शक सोनेरी रंग. लाकूड कसं का असेना. १९५८ मध्ये पारदर्शक तांबूस-पिवळा रंग आला आणि जोडलेल्या मेपलच्या लाटा उघड्या पडल्या. त्या वेळी खप असा बेताचा की १९६०नंतर तो आकारच बदलण्यात आला. आज त्याच तीन वर्षांतल्या गिटारींवर लोक जीव टाकतात, आणि लाल रंग उडून गेलेल्या, नुसत्या मधाच्या रंगाच्या गिटारी वेगळ्या मानाने ठेवतात. १९९०च्या दशकात फेंडर कंपनीने फोटोफ्लेम नावाने लाटांचा छापील थर चढवलेल्या गिटारी विकल्या. दुरून त्या फसवतात. हातात घेऊन कलवल्या की छापाची लाट जागची हलत नाही, आणि लबाडी लगेच उघड होते.

या हौशीची किंमत जंगलं देतात. उभ्या झाडात लाटा आहेत की नाही हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून चोर साल सोलून, खोडात खाच पाडून पाहतात. साधं लाकूड निघालं तर ते झाड जखमी ठेवून पुढे जातात. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय वनात २०१८ साली मोठ्या पानांच्या मेपलची अशीच चोरी चालू असताना वणवा लागला आणि सुमारे ३,३०० एकर रान जळालं. २०२१ मध्ये एकाला लाकूडचोरीसाठी शिक्षा झाली, ती गिरणीत विकलेल्या लाकडाचा डीएनए जंगलातल्या बुंध्यांशी जुळवून. आपल्या उत्तराखंडात मेपलला कांजल म्हणतात. त्याच्या खोडावरच्या गाठींचे कटोरे बौद्ध मुलखात मोलाचे मानतात, आणि त्या गाठींच्या तस्करीच्या बातम्याही डोंगरातून येत असतात.

तेव्हा मुलीसाठी किंवा स्वतःसाठी व्हायोलिन घ्यायला गेलात तर दुकानदाराला ते दिव्याखाली पालथं धरू द्या आणि तुम्ही एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे सरका. पट्टे जागेवरच राहिले तर ते रंगवलेले आहेत, त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पट्टे हलले तर लाकूड खरं आहे. परवडत असेल तर त्याचे पैसे द्या, फक्त ते डोळ्यांसाठी दिले हे लक्षात ठेवा. आवाजासाठी ठेवलेले पैसे चांगल्या घोडीवर आणि ती नीट बसवून देणाऱ्या कारागिरावर खर्च करा.